एकाच घरच्या गाई

“तो त्यांचा बाप आहे. बापच राहू दे. त्याला जावई करू नकोस!”

सासऱ्यांचा आवाज गोठ्याच्या भिंतीतून आरपार आला. मी पलीकडच्या खोलीत फडक्यातून दूध गाळत होते. घरात नवी होते. नव्या सुनेला दोनच गोष्टी सांगितलेल्या होत्या, दूध सांडायचं नाही आणि मधे बोलायचं नाही. ऐकायचं नाही असं कोणी सांगितलं नव्हतं.

“बाबा, माणसांचे नियम जनावरांना कशाला?” हे माझे थोरले दीर, मी त्यांना भाऊजी म्हणायचे.

“माणसांचे नाहीत, गुरांचेच आहेत. पोरी माजावर यायच्या आत वळू गोठ्यातून बाहेर. माझ्या बापानं केलं, मी केलं. उद्या गिऱ्हाईक येतंय, दावं त्याच्या हातात द्यायचं.”

“आणि नवा कसा निघेल? त्याच्या पोरी लाथाळ निघाल्या तर? एक लाथ जरी हिला बसली तरी?”

‘हिला’ म्हणजे कोणाला, हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

माझ्या थोरल्या जाऊबाईंची नजर लग्नानंतर लवकरच जायला लागली होती. आधी संध्याकाळचं दिसेना, मग कडेचं दिसेना, मग नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं उरलं. मी आले तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. चुलीपाशी त्यांना कोणी जाऊ देत नसे. विहिरीकडे तर नाहीच. बाई दिवसभर खाटेवर बसून राहायची. मग एकदा त्या भिंत धरत धरत गोठ्यात गेल्या आणि एका गाईच्या पोटाला कपाळ टेकवून खाली बसल्या. गाय हलली नाही. भाऊजींनी त्यांच्या हातात भांडं दिलं. त्या दिवसापासून दूध काढायचं काम त्यांचं झालं, आणि ते काम मिळाल्यावर त्यांचा आवाज पुन्हा घरात ऐकू यायला लागला.

ती गाय आणि तिच्या मुली एका वेगळ्याच मातीच्या होत्या. अंग दुधासारखं, शेपटीचा गोंडा काळा, आणि कपाळावरचा भोवरा डाव्या डोळ्याकडे सरकलेला. सड मुठीत बरोबर बसतील एवढे. खांद्यावर हात ठेवला की पान्हा सोडायच्या. वळू पण तसाच, पोरांनी शेपटीला लोंबकळावं आणि त्यानं रवंथ करत राहावं. तो गेला आणि नवा आला तर हे सगळं मोडेल, ही भाऊजींची भीती. ती खोटी नव्हती.

शेवटी सासरेच बोलले. आवाज उतरला होता.

“ठेव. एकदा. घरातल्या घरात केलं की गुण पक्का होतो, ते मलाही माहीत आहे. पण एकदाच. मग दार उघडायचं. नाही उघडलंस, तर जे पक्कं होईल ते सगळंच चांगलं नसेल.”

मी गाळायचं थांबले होते. फडकं तुडुंब भरून दूध खाली सांडलं, आणि त्याबद्दल जे ऐकून घ्यायचं ते मी घेतलं.

सासरे पुढे फार जगले नाहीत. दार काही उघडलं गेलं नाही.

सुरुवातीची वर्षं सोन्यासारखी होती, हे मला लिहायलाच पाहिजे. नंतर लोक म्हणायला लागले की वेडेपणाच होता. वेडेपणा असता तर इतकी वर्षं कोणी केला नसता. वळू आपल्या मुलींना लागला आणि वासरं अशी झाली की जणू एकाच साच्यातून काढली. उंची एक, कास एक, स्वभाव एक. दूध दाट. जाऊबाईंना कुठल्या गाईपाशी बसलो हे विचारावं लागत नसे, कारण हात जिथं जायला हवा तिथं आपोआप जायचा. एका अंगाला सगळ्या बांधलेल्या, आणि ही बाई एकीकडून दुसरीकडे सरकत जायची, गाणं म्हणत. डोळस बायकांना लागतो त्याहून कमी वेळ लागायचा. मला विचारा, मी बरोबरीनं बसून हरत आले.

वासरू जन्मलं की भाऊजी ते पुसायचे, उभं करायचे आणि ओरडायचे, “आली गं! सारखी आली!” जाऊबाई घरातून विचारायच्या, “भोवरा?” “डावीकडेच!” मग दोघं हसायची. म्हणून गावानं त्यांचं नाव साचेदादा ठेवलं. लांबलांबचे लोक गोऱ्हे मागायला यायचे. आमच्याकडचा गोऱ्हा दारात बांधला की कुठल्याही गाईला आमच्यासारखं वासरू व्हायचं, एवढा त्या रक्ताचा जोर. भाऊजींनी किती गोऱ्हे दिले आणि कुठे कुठे दिले, त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिला वळू म्हातारा झाल्यावर त्याचाच मुलगा त्याच्या जागी उभा राहिला, मग त्या मुलाचा मुलगा.

आमचे हे चेष्टा करायचे. एकदा जेवताना बोटांवर नाती मोजत बसले. “दादा, ही नवी वासरी वळूची मुलगी. हिची आई, तीही त्याचीच मुलगी. म्हणजे आई हिची बहीण झाली. आईची बहीण ती मावशी. मग ही स्वतःचीच मावशी की हो!”

“बरंच आहे की,” जाऊबाई म्हणाल्या. “लाड करायला दुसरं कोणी शोधायला नको.”

घास हातात धरून आम्ही हसलो. भाऊजीसुद्धा.

वाईट दिवस वाजतगाजत आले नाहीत. एक गाय उलटली, म्हणजे वळू दाखवूनही तिला गाभ राहिला नाही. पुन्हा दाखवली, पुन्हा उलटली. मग दुसरी. वासरं लहान व्हायला लागली, एवढी की शेणाच्या पाटीत मावावीत. पूर्वीची जन्मली की धडपडत उठायची. ही पडून राहायची आणि भाऊजी त्यांना पोटाखाली हात घालून उभं करायचे. थंडीत दोन खोकून गेली. एकीचे पुढचे पाय गुडघ्यात वाकडे. दरवेळी कारण असायचंच: चारा ओला होता, पाणी बदललं, थंडी फार होती. कारणांचं काय, बोलवाल तेवढी येतात.

वाकड्या पायाच्या वासरीला भाऊजींनी बांबूच्या कामट्या बांधल्या, बाटलीनं दूध पाजलं, कडेवर घेऊन उन्हात नेलं. ती जगली. मोठी झाली. आणि भाऊजींनी तिलाही वळू दाखवला, कारण तिची कास अगदी साच्यातली होती.

तेव्हा गुरांचे डॉक्टर भडकले. चांगला माणूस होता, मोटारसायकलवरून यायचा, हात धुतल्याशिवाय चहाला शिवायचा नाही. त्यांनी मला आणि जाऊबाईंनाही बाहेर बसवून समजावलं. मला कळलं तसं सांगते. प्रत्येकाच्या रक्तात एखादा मुका दोष असतो. तो एकटा असला की तोंड उघडत नाही, जनावर धडधाकट दिसतं. पण बापाकडूनही तोच आला आणि आईकडूनही तोच आला, की मग तो बोलतो. बाहेरच्या रक्तात तोच दोष सापडणं अवघड. घरच्याच रक्तात तो घरचाच असतो, दाराआड उभा.

“मग हे सगळीकडे करतात ते?” भाऊजींनी विचारलं. “मोठे मोठे लोक करतात. तुम्हीच सांगितलंत.”

“करतात. गुण पक्का करायला करतात. पण त्यांचे कळप मोठे, दादा. दोन-तीन ओळी वेगळ्या ठेवतात, आणि अधू निघालं ते पुढं वाढवत नाहीत. तुम्ही अधू वासराला कडेवर घेता.”

“टाकून देऊ?”

“टाकू नका हो. पाजा, खेळवा, अंगाई म्हणा. फक्त तिला आई करू नका. आणि वळू बदला. तोही नको असेल तर मी नळीतून बी सोडून देतो, चांगल्यातल्या चांगल्या वळूचं.”

“ज्याचं तोंड बघितलं नाही त्याला घरात घेऊ?”

“फोटो दाखवतो ना.”

“फोटोत सगळेच गुणी दिसतात डॉक्टर. लग्नातले फोटो बघा कोणाचेही.”

डॉक्टर हसले, पण जाताना माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. भाऊजींच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. ते गाईंना बघून घाबरत नव्हते. बाहेरच्या रक्ताची पहिली लाथ जाऊबाईंच्या तोंडावर बसेल, आणि बाई पुन्हा खाटेवर बसेल, याला ते घाबरत होते.

मग त्या वाकड्या पायाच्या गाईला वासरी झाली. भर दुपार होती. गाय निम्मी आडवी, मी पाणी गरम करून नेलेलं. भाऊजींनी वासरी ओढून घेतली, तोंडातला चिकटा काढला, पुसली. पाय सरळ होते. भोवरा डावीकडे होता. आणि ते ओरडले नाहीत.

“काय हो?” जाऊबाईंनी विचारलं. “सारखी आली का?”

भाऊजींनी वासरीच्या डोळ्यांपुढे हात फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे उघडे होते, निळसर पांढरे, साय धरल्यासारखे. पापणी हलली नाही.

“सारखी आली,” ते म्हणाले.

जाऊबाई पुढे आल्या आणि खाली बसल्या. वासरी उठली, दोन पावलं टाकली आणि गव्हाणीला थडकली. मागं सरली, मान पुढं ताणून नाकानं हवेत चाचपत राहिली, उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. जाऊबाईंनी ते खुरांच्या आवाजावरून ऐकलं. हात लांबवला. वासरीनं तो शोधला, बोटं चोखायला लागली. जाऊबाईंचा दुसरा हात तिच्या कपाळावरून डोळ्यांवर आला आणि तिथंच थांबला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “ही माझ्यासारखी आली.”

मी गरम पाण्याची बादली उचलून बाहेर आले. पाण्याचं काही काम नव्हतं, पण तिथं उभं राहवेना.

त्या दिवशी जाऊबाईंनीच सांगितलं. “वळू आणा. बाहेरचा. मला लाथ बसली तर बसली. दोन-चार दिवस चाचपडेन, मग कळेल कुठली कशी. मी काय साखरेची आहे विरघळायला?”

भाऊजी खरंच गेले. जवळच्या बाजारात नाही, आमच्या ओळखीच्या सगळ्या गावांच्या पलीकडे, नदीपल्याडच्या मोठ्या बाजारात. तीन मुक्काम करून आले आणि येताना वळू घेऊन आले. मी त्यांना इतकं खूश फार वर्षांनी पाहिलं. “शेकडो बघितले, धाकटे,” मला म्हणाले. “एक डोळ्यात भरेना. कोणाची मान तोकडी, कोणाची नजर वाईट. आणि मग हा दिसला. कोपऱ्यात उभा, शांत. बघितल्याबरोबर वाटलं, हाच.”

वळू देखणा होता. मीही म्हटलं, देखणा आहे.

जाऊबाईंनी भाऊजींचा दंड धरला आणि त्याच्याजवळ गेल्या. मी दोन पावलं पुढे सरकले, बाहेरचा वळू, काय करेल कोण जाणे. त्यानं मान खाली घातली आणि कपाळ त्यांच्या तळहातात दिलं. जाऊबाईंनी कपाळ चाचपलं. कानामागची घडी चाचपली. पाठीवरून हात शेपटीच्या मुळापर्यंत नेला, परत कपाळावर आणला.

“अहो, हा आपलाच आहे,” त्या म्हणाल्या.

“आपला कसा? नदीपलीकडचा आहे.”

“भोवरा बघा.”

“भोवरा काय, कुणाचाही असतो.”

“तुम्ही इतक्या वर्षांत इतके गोऱ्हे दिलेत. त्यातलाच कोणाचा तरी नातू-पणतू असेल. म्हणून तर तुम्हाला आवडला. परत करा.”

भाऊजींचा चेहरा उतरला. इतके दिवस चालले होते, इतकं बघितलं होतं. आणि मग ते बोलले ते शब्द मी कधी कागदावर लिहीन असं वाटलं नव्हतं.

“डोळे मला आहेत,” ते म्हणाले.

जाऊबाईंनी वळूच्या कपाळावरचा हात काढला. “हो,” म्हणाल्या. “तेही खरं.” आणि भिंत धरत घरात गेल्या.

चूक अशी होती. माणूस आयुष्यभर एकच चेहरा चांगला म्हणून बघत आला, की हजारांच्या बाजारातही त्याचा डोळा तोच चेहरा हुडकून काढतो. मग तो चेहरा नदीच्या पलीकडे उभा असला म्हणून काय झालं? डॉक्टरांनी विकणाऱ्याकडे निरोप धाडून चौकशी केली. वळूची आजी आमच्या गोऱ्ह्याची लेक निघाली, आणि बापाकडूनही आमचंच रक्त. तोपर्यंत उशीर झाला होता. भाऊजींनी हट्टानं सगळ्या गाईंना तोच दाखवला होता. बऱ्याच उलटल्या. एकीचं मेलेलं आलं. एकीचं दोन दिवस जगलं. आंधळी वासरी मात्र जाऊबाईंच्या मागे मागे फिरायची, पदर तोंडात धरून, आणि पुढच्या थंडीत तीही गेली.

जाऊबाई त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. ताप आला, छातीत उतरला. गोठ्यातल्या गाई एकेक करून कमी होत होत्या, जाऊबाईही तशाच गेल्या, आवाज न करता. शेवटपर्यंत दूध त्यांनीच काढलं. एकही लाथ त्यांना आयुष्यात बसली नाही. भाऊजींना जे राखायचं होतं ते त्यांनी राखलं, हे कोणी नाकारू शकत नाही.

नंतर एकदा ते माझ्यापाशी येऊन बसले. मी भांडी घासत होते.

“धाकटे, मी तिला तसं बोललो होतो.”

“त्या विसरल्या होत्या, भाऊजी.”

“नाही गं.”

नव्हत्याच विसरल्या. पण धरूनही ठेवलं नव्हतं. आदल्या दिवशी बोलल्या तशाच दुसऱ्या दिवशी बोलल्या, चहात साखर कमी पडली म्हणून त्यांना रागावल्यासुद्धा. मी हे सांगितलं. भाऊजींनी हं म्हणून मी घासलेलं एक पातेलं उगाच पुन्हा घासायला घेतलं.

गोठ्यात तोवर म्हाताऱ्या गाई आणि एकच तरणी कालवड उरली होती. त्या घरातली शेवटची. तिला गाभ राहिला तर पुढे काही, नाहीतर संपलं. डॉक्टर म्हणाले, नळीतून करतो. भाऊजी म्हणाले, नको, मी चालवत नेतो, तिला सवय आहे. कुठे नेणार ते सांगितलं नाही.

पुढचं वासरू मी पाहिलं, भाऊजींनी पाहिलं नाही. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी वाट बघत बसणार नाही. वासरी झाली. तांबडी, त्यावर काळे पट्टे, कान लोंबते, नाक रुंद, रूप असं की आरशानं तोंड फिरवावं. जन्मल्याबरोबर उठली आणि माझ्या मुलाच्या नडगीवर लाथ घातली. आमच्या गोठ्यातली पहिली लाथ. मुलगा शिव्या देत बसला आणि मी गव्हाणीच्या काठावर बसून रडले. आज तिला स्वतःची वासरं आहेत, तिच्याहून कुरूप.

भाऊजी त्या कालवडीला घेऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलेच नाहीत. झोपेतच गेले. म्हणून तो आदला दिवस मला नीट आठवतो. काही वेगळं झालं नव्हतं.

सकाळचं दूध त्यांनी काढलं, कॅन पोचवून आले, भाकरी खाल्ली. कालवडीच्या अंगावरून ओलं फडकं फिरवलं. दावं सैल धरलं. जनावराला कधी ओढून न्यायचं नाही, ते पुढं आणि आपण मागं, ही त्यांची रीत. सायकलच्या दुकानावरून, कालव्याच्या पुलावरून, पुढच्या वस्तीवरच्या भाजीवाल्याकडे. त्याच्याकडे गाडीला जुंपायचा एक वळू होता. एक शिंग खाली वळलेलं, अंगावर पट्टे, डोळ्यांत सदा भांडण. हे पुढचं मला त्या भाजीवाल्यानंच नंतर सांगितलं.

“साचेदादा? तुम्ही? माझ्याकडे?” तो गाजराच्या जुड्या बांधत होता, तशाच टाकून उठला. “अहो, तोंड बघा त्याचं! तुमच्या गाईला हा?”

“मी बघतच नाही,” भाऊजी म्हणाले. “म्हणून तर आणली.”

“लाथाळ आहे बरं का. त्याची आईही लाथाळ होती.”

“असू दे. आता मारली तर मलाच मारेल.”

आणि ते खरंच पाठ करून उभे राहिले, बांधाकडे तोंड करून. भाजीवाल्यानं झालं म्हणून सांगितल्यावर वळले. कालवडीच्या पाठीवर थाप मारली. भाजीवाल्यानं चहा विचारला तर म्हणाले, नको, ऊन चढायच्या आत पोचतो.

परत आले तेव्हा मी अंगणात धुणं वाळत घालत होते. पुलापाशी तिला पाणी पाजून आणली होती. तिचे खूर धुतले, सावलीला बांधली. मला म्हणाले, “आज हिला पळवू नका कोणी, गाभ ठरायला हवा.” मी म्हटलं, “बरं.” संध्याकाळी त्यांनी दूध काढलं, शेण ओढलं, कॅन घासून पालथे घातले. मग पेंड घेतली, बादलीत पाणी ओतलं आणि सकाळसाठी भिजत घातली.